मानसशास्त्रातील संशोधन सहायकांच्या जागा कानोकानी भरू नयेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर प्रवेशपरीक्षा, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांची माहिती नियमितपणे येते आणि अनेक विद्यार्थी ती कात्रणे काढून जपून ठेवतात. मात्र मानसशास्त्राच्या संशोधनात विद्यार्थ्यांना सहायक म्हणून काम करता येते, या संधीचा उल्लेख त्या पानावर मला आजवर क्वचितच आढळला. मी तीस वर्षांहून अधिक काळ हा विषय शिकवला. त्याआधी विद्यार्थिनी असताना स्वतः असे काम केले आणि पुढे अनेक विद्यार्थ्यांकडून करवून घेतले. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. या जागा बहुतेक वेळा कोणाला तरी कोणाकडून तरी कळतात आणि त्या कळण्यावरच भरतात. त्या लेखी सूचना काढून, आणि कामाचे तास, मानधन व श्रेय आधी ठरवून भरल्या गेल्या पाहिजेत.

हे काम नेमके काय असते याची कल्पना मानसशास्त्र शिकणाऱ्यांनाही बऱ्याचदा नसते. सहभागी व्यक्तींना वेळ देणे, त्यांना अभ्यासाची माहिती सांगून संमतीपत्र समजावणे, ठरलेल्या शब्दांत सूचना वाचून दाखवणे, प्रश्नावल्या तपासून संगणकात भरणे, ध्वनिमुद्रित मुलाखती शब्दशः उतरवून काढणे, चित्रफिती पाहून वर्तनाच्या नोंदी करणे आणि पूर्वीचे शोधनिबंध शोधून त्यांचा तक्ता बनवणे, असे त्याचे ढोबळ स्वरूप असते. वरवर पाहता ही कारकुनी वाटते. ती तशी नाही, हे मला माझ्या पहिल्याच कामाने शिकवले.

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका संशोधन प्रकल्पासाठी आई आणि तान्हे बाळ यांच्या चित्रफिती तयार केलेल्या होत्या. दर पाच सेकंदांनी चित्र थांबवायचे आणि त्या क्षणी बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहते आहे की अन्यत्र, याची खूण तक्त्यात करायची, इतकेच माझे काम होते. दहा मिनिटांच्या चित्रफितीला पहिल्या आठवड्यात मला दोन तास लागत. आईने खुळखुळा आपल्या हनुवटीजवळ धरला आहे आणि बाळाची नजर तिकडे आहे, तर ते चेहऱ्याकडे पाहणे म्हणायचे का? बाळाचे डोळे अर्धवट मिटलेले असतील तर काय लिहायचे? माझी एक सहकारी तीच चित्रफीत स्वतंत्रपणे पाहत होती आणि आम्ही एकमेकींचे तक्ते पाहायचे नाहीत, असा नियम होता. पहिल्या शंभर नोंदी जुळवून पाहिल्या तेव्हा ८४ ठिकाणी आमचे एकमत निघाले आणि आम्ही दोघी मनातून खूश झालो. मार्गदर्शक बाईंनी मात्र कागदावर एक छोटे गणित मांडले. आम्ही दोघींनीही शंभरपैकी ८० ठिकाणी ‘अन्यत्र’ अशी खूण केली होती. म्हणजे चित्रफीत न पाहता डोळे मिटून त्याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी ६८ ठिकाणी आम्ही योगायोगाने जुळलोच असतो. योगायोगापलीकडे जुळण्याला वाव होता तो फक्त ३२ नोंदींचा, आणि त्यांतल्या १६च जुळल्या होत्या. आमचे खरे एकमत निम्मेच होते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला, योगायोग वगळून एकमत मोजणारा ‘कप्पा’ गुणांक तो हाच. पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रमात आला तेव्हा वर्गातल्या इतरांनी त्याचे सूत्र पाठ केले. मला मात्र तो खुळखुळा आठवत होता. त्यानंतर आम्ही तिघींनी दोन दुपारी बसून नियमपुस्तिका सुधारली, वस्तू चेहऱ्याजवळ असेल तर काय धरायचे, डोळे मिटलेले असतील तर नोंद कशी वगळायची, हे शब्दांत बांधले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ‘निरीक्षण’ या शब्दाची व्याख्या मी परीक्षेत अनेकदा लिहिली आहे, पण निरीक्षण म्हणजे काय ते मला त्या दोन दुपारी कळले.

भौतिकशास्त्रात मोजमापाचे उपकरण धातूचे किंवा काचेचे असते. मानसशास्त्रात बऱ्याचदा माणूसच उपकरण असतो, आणि तो बहुधा विद्यार्थी असतो. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून हे असेच चालत आले आहे. तिथले विद्यार्थी आळीपाळीने प्रयोग घेत आणि एकमेकांच्या प्रयोगांत सहभागीही होत. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने सर्वांना थक्क केले होते. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन त्याला गणिते घालत आणि तो खूर आपटून अचूक उत्तर देई. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तिला लबाडी आढळली नाही. उलगडा केला तो मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या संस्थेत काम करणाऱ्या ऑस्कर फुंग्स्ट या विद्यार्थ्याने. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो, हे त्याने चिकाटीने एकामागून एक चाचण्या घेऊन दाखवून दिले. खुरांचे ठोके योग्य आकड्याला पोचले की विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत किंचित हालचाल होई आणि ती पाहून घोडा थांबे. १९०७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजही प्रयोगाची आखणी शिकवताना तो पहिल्या काही तासांतच येतो.

पुढे १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड या मानसशास्त्रज्ञांनी थेट विद्यार्थी प्रयोगकर्त्यांचीच परीक्षा पाहिली. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले की तुमचे उंदीर चक्रव्यूह शिकण्यात हुशार जातीचे आहेत, उरलेल्यांना सांगितले की मंद आहेत. वास्तविक सगळे उंदीर सारखेच होते आणि त्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली होती. तरीही ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस निघाली. त्या विद्यार्थ्यांनी लबाडी केली म्हणून असे घडले नाही. अपेक्षा हाताळणीत आणि वागणुकीत नकळत उतरते, आणि ती मोजमापापर्यंत जाऊन पोचते. म्हणूनच चांगल्या प्रकल्पात समोरचा सहभागी कोणत्या गटातला आहे हे सहायकाला कळू दिले जात नाही आणि सूचना एकाच सुरात वाचण्याचा सराव करून घेतला जातो. हा सराव कोणतेही पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही.

मी शिकवू लागल्यानंतरचा एक प्रसंग सांगते. प्रतिक्रियाकालाच्या एका प्रयोगात पडद्यावर ठिपका दिसताच सहभागीने कळ दाबायची होती. तरुण माणसाला इतक्या साध्या प्रतिसादासाठीही साधारण २०० मिलिसेकंद किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. आकडे भरणाऱ्या विद्यार्थिनीला काही नोंदी ८० आणि ९० मिलिसेकंदांच्या दिसल्या. ती आकडे तसेच भरून मोकळी होऊ शकली असती. तिने त्या नोंदी बाजूला काढल्या, त्या कोणत्या संगणकावरच्या आहेत ते पाहिले आणि सगळ्या एकाच यंत्रावरच्या निघाल्यावर ती त्या यंत्रासमोर जाऊन बसली. तिथली कळ दाबल्यावर लगेच वर येत नव्हती, अडकून राहत होती. ती कळ बदलली नसती तर आम्ही पुढे कोणत्या निष्कर्षाला पोचलो असतो, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते. ती मुलगी त्या वेळी वर्गात पहिल्या दहांतही नव्हती.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. परीक्षेतील गुणांवरून अशी मुलगी सापडत नाही आणि ओळखीवरून तर मुळीच सापडत नाही. तरीही जागा भरण्याच्या या दोनच रीती सर्वत्र दिसतात. प्राध्यापक वर्गातल्या पुढच्या बाकावरच्या दोघांना बोलावतात, ते आपल्या मैत्रिणीला सांगतात आणि जागा संपतात. मला स्वतःला ते पहिले काम मिळाले ते केवळ मी त्या दिवशी विभागाच्या दारात उभी होते आणि बाईंना कोणीतरी तातडीने हवे होते म्हणून. माझ्याहून बारकाईने पाहणारी, माझ्याहून शांत डोक्याची माझी एक मैत्रीण त्याच वेळी वाचनालयात अभ्यास करत बसली होती. पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत माझ्या अनुभवाबद्दल मला तीन प्रश्न विचारले गेले. तिला तो अनुभवच नसल्याने तिच्याशी बोलण्यासारखे मुलाखत घेणाऱ्यांना फारसे काही सुचले नाही. दारात उभे राहण्याचा तो फरक पुढे वाढतच गेला. संशोधनाचा अनुभव नाही म्हणून संशोधनात प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यात चांगल्या डोळ्यांचे आणि चांगल्या कानांचे किती विद्यार्थी बाहेर राहत असतील?

मानधनाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. ‘शिकायला मिळते आहे, मग पैसे कशाला’ असे बोलणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत आणि ते मनाने वाईट नव्हते. परंतु आठवड्याला दहा-बारा तास विनावेतन देणे ज्याला घरातून पाठबळ आहे त्यालाच परवडते. संध्याकाळी शिकवण्या घेऊन स्वतःचे शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही. प्रकल्पाला निधी असेल तर सहायकाचे मानधन त्याच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरले पाहिजे. निधी नसेल, तर त्या कामाला अभ्यासक्रमात श्रेयांक मिळावेत आणि तास मर्यादित असावेत. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर विद्यार्थ्याला राबवून घेण्याचा अधिकार कोणत्याही प्रकल्पाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रेयाबाबतही असाच मोघमपणा चालतो. मी ज्या चित्रफितींवर कित्येक महिने काम केले, त्यांवरच्या शोधनिबंधात आमच्या दोघींचे आभारसुद्धा मानलेले नव्हते. ती चूक विस्मरणाने झाली असावी, पण विसाव्या वर्षी ती मनाला फार लागते. वास्तविक या बाबतीत नियम अस्पष्ट नाहीत. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नीतिसंहिता सांगते की लेखकत्व हे पदावरून किंवा ज्येष्ठतेवरून ठरवायचे नसते, प्रत्यक्ष योगदानावरून ठरवायचे असते. किरकोळ योगदानाची नोंद तळटीपेत किंवा प्रास्ताविकात घ्यायची. आणि शोधनिबंध मुख्यतः विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आधारलेला असेल तर, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास, पहिले नाव विद्यार्थ्याचे असावे. कोणी काय केले हे सांगण्यासाठी अनेक नियतकालिके आता १४ प्रकारच्या भूमिकांची एक ठरलेली यादी वापरतात. नुसत्या नोंदी भरल्याने लेखकत्व मिळत नाही, हे विद्यार्थ्यानेही समजून घेतले पाहिजे. पण किती आणि कोणते काम केल्यास ते मिळेल, हे त्याला काम सुरू होण्यापूर्वी कळले पाहिजे.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची. नैराश्य मोजण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बेक प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत आणि त्यांतला एक आत्महत्येच्या विचारांबद्दल आहे. एकोणीस-वीस वर्षांचा सहायक संध्याकाळी एकटा बसून अशा दीडशे प्रश्नावल्या संगणकात भरत असतो आणि एका कागदावर त्या प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर त्याच्यासमोर येते. त्याने काय करायचे? कोणाला, किती वेळात सांगायचे? तो कागद त्याच्याच वर्गातल्या कोणाचा असेल तर? या प्रश्नांची उत्तरे प्रकल्प सुरू होण्याआधी लिहून ठेवलेली असली पाहिजेत, आणि असे कागद गोळा झाल्या दिवशीच जबाबदार संशोधकाने चाळले पाहिजेत, ते आठवडाभर कपाटात पडून राहता कामा नयेत. सहभागींची नावे आणि त्यांचे सांकेतिक क्रमांक वेगवेगळ्या ठिकाणी कुलूपबंद असावेत. सहायकाच्या हाती फक्त क्रमांक यावा. मुलाखती ऐकून उतरवणाऱ्याला ओळखीचा आवाज आला तर ती ध्वनिफीत तिथेच बंद करून परत करण्याची त्याला मुभा असावी आणि त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. छळाच्या, अपघाताच्या, मृत्यूच्या हकिगती सलग तासन् तास ऐकणाऱ्या विद्यार्थ्याशी आठवड्यातून एकदा कोणीतरी जाणत्याने बसून बोलावे. मानसशास्त्राच्या विभागात तरी हे कोणाला समजावून सांगावे लागू नये.

सहायकांना प्रत्यक्ष माहिती गोळा करू देणे हे शास्त्राच्या प्रामाणिकपणासाठीही आवश्यक आहे. नेदरलँड्समधील सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षे बनावट आकडे रचले आणि अनेकदा आपल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या हाती तयार आकडेवारीच ठेवली. ती कुठे, कोणाकडून गोळा झाली हे त्या विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. २०११ साली हे प्रकरण उघडकीस आणले ते तीन तरुण संशोधकांनी, आणि पुढे स्टापेल यांचे ५० हून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. ज्या प्रयोगशाळेत कच्च्या नोंदी चार जणांच्या डोळ्यांखालून जातात, तिथे असे वर्षानुवर्षे चालवणे फार अवघड आहे. शास्त्राच्या विश्वासार्हतेचा दुसरा आधार म्हणजे जुने अभ्यास पुन्हा करून पाहणे. २०१५ साली मानसशास्त्रज्ञ ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निष्कर्ष जाहीर झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोगाने सहसा न येणारा, निष्कर्ष होता, पुन्हा केलेल्यांपैकी ३६ टक्क्यांतच तो आढळला. त्या शोधनिबंधावर २७० लेखकांची नावे आहेत. जुने अभ्यास पुन्हा करून पाहण्याचे हे काम विद्यार्थी सहायकांच्या हाताला अगदी साजेसे आहे, कारण आखणी आधीच ठरलेली असते आणि काटेकोरपणा हेच त्यात मुख्य कौशल्य असते. प्रत्येक विभागाने दरवर्षी असा एक अभ्यास जरी हाती घेतला तरी पाच-सहा विद्यार्थ्यांना खरे काम मिळेल.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. सूचना निघण्याची वाट पाहत बसू नका. ज्यांच्याकडे काम करायचे आहे त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा आणि त्यांतली कोणती गोष्ट तुम्हाला कळली नाही, हे विचारणारे अर्ध्या पानाचे पत्र लिहा. ‘मला मानसशास्त्राची आवड आहे’ या वाक्यापेक्षा ‘तुमच्या दुसऱ्या प्रयोगात सहभागींना मध्ये विश्रांती का दिली’ हा प्रश्न वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो. आठवड्याला किती तास आणि किती महिने देऊ शकाल ते खरे सांगा. तीन आठवड्यांत सोडून जाणाऱ्या सहायकाला शिकवण्यात गेलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. तक्त्यात आकडे नीट भरणे, उलट गुणांकनाचे, म्हणजे ज्यांचे गुण उलट्या क्रमाने मोजायचे असतात असे, प्रश्न ओळखणे आणि संख्याशास्त्राच्या एखाद्या संगणकप्रणालीत साधी सरासरी काढता येणे, एवढी तयारी सुरुवातीला पुरते. चूक झाली तर ती त्याच दिवशी सांगा. नोंदवहीतले जुने खोडून नवे लिहू नका. एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि तारीख घाला.

विभागांकडून आणि संशोधन संस्थांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. प्रत्येक सत्राच्या आरंभी एका पानाची सूचना निघावी. तिच्यात प्रकल्पाचा विषय, करायचे काम, आठवड्याचे तास, कालावधी, मानधन किंवा श्रेयांक, देण्यात येणारे प्रशिक्षण आणि श्रेयाबद्दलचे धोरण स्पष्ट लिहिलेले असावे. ती पदवीच्या पहिल्या वर्षापासून सर्व वर्गांत वाचून दाखवावी, आणि निवड करताना गुणपत्रिकेबरोबरच पाच मिनिटांची एखादी चित्रफीत दाखवून उमेदवाराने त्यात काय पाहिले ते लिहून घ्यावे. अशा छोट्या चाचणीतून जे कळते ते टक्केवारीतून कळत नाही, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे.

आपल्याला माझी विनंती अशी की, शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला आपल्या शिक्षणविषयक पानावर या सूचनांसाठी एक लहानसा रकाना राखून ठेवावा आणि मानधन व तास न लिहिलेली सूचना त्यात घेऊ नये. पहिल्या काही आठवड्यांसाठी विविध विभागांना पत्रे लिहून अशा सूचना मिळवण्याचे आणि त्या नीट तपासून आपल्याकडे पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली नम्र,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका